मंडळाचा पैसा कोण तपासणार? नाशिकमधल्या गावकरी मंडळांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीधंद्यासाठी नाशकात येऊन इथलेच झालेल्यांची मंडळं सिडको, सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा, नाशिकरोड अशी सगळीकडे आहेत. कुणी खानदेशचे, कुणी कोकणातले, कुणी विदर्भातले. कानबाई, हळदीकुंकू, कोजागिरी, गुणगौरव, वधू-वर मेळावा, एखाद्याचं छोटं सभागृह. पैसा फार नसतो, पण भांडणं पैशावरूनच होतात. देखरेखीचं काम करताना सभासदांकडून आणि पदाधिकाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. देखरेख समिती म्हणजे काय? कार्यकारिणी निवडून दिलीय, मग ही कशाला?

कार्यकारिणी पैसा खर्च करते. देखरेख समिती तो खर्च पाहते आणि थेट सर्वसाधारण सभेला सांगते. अध्यक्षांना नाही, सभेला. बऱ्याच मंडळांत ‘हिशेब समिती’ असते, पण ती अध्यक्षांनीच नेमलेली आणि त्यांनाच अहवाल देणारी. तिला देखरेख म्हणता येत नाही, ती कार्यकारिणीचीच उपसमिती झाली.

कायद्याने अशी समिती सक्तीची नाही. ती मंडळाच्या घटनेत किंवा नियमावलीत घालून घ्यावी लागते. घटनेत नसेल तर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सुरुवात करता येते, पण ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो. म्हणून घटनादुरुस्ती केलेली बरी.

२. आमचा सीए दरवर्षी ऑडिट करतो. आणखी कोणी तपासायचं काय राहिलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. नोंदणीकृत न्यासाचे, म्हणजे ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मंडळाचे, हिशेब ३१ मार्चला बंद करायचे, सहा महिन्यांत म्हणजे सप्टेंबरअखेर ऑडिट करून घ्यायचं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जायचा, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्येच आहे (पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की याच कायद्याचं). कलम ३४ प्रमाणे गैरप्रकार दिसले तर ते अहवालात नमूद करणं ऑडिटरचं कामच आहे. ऑडिट हवंच.

पण सीए मंडपात नसतो, पंगतीत नसतो. त्याच्यापुढे येतात ते कागद. आता हे बघा: एका मंडळाच्या फाइलला मंडपवाल्याची दोन बिलं लागलेली होती. एक श्रावणातल्या कानबाईचं, दुसरं कोजागिरीचं. मधे गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि बिलांचे नंबर ४१ आणि ४२. ऐन सिझनमध्ये या मंडपवाल्याने दुसऱ्या कुणाला बिलच दिलं नाही? दोन्हींवर पेन एक, अक्षर एक. ऑडिटच्या नजरेने बिल आहे, सही आहे, चेक वटलेला आहे. सगळं ठीक.

यात लबाडी असेलच असं नाही. मार्च उजाडला की खजिनदार धावपळीत जुनी बिलं एकदम मागतो, आणि समोरचा एका बैठकीत लिहून देतो. पण विचारायला तर हवं. आणि विचारणारा माणूस त्या मंडपात प्रत्यक्ष बसलेला हवा, म्हणजे ‘मोठा मंडप, दोनशे खुर्च्या’ वाचल्यावर त्याला आठवेल की खुर्च्या शंभरही नव्हत्या.

३. समितीवर कोण असावं? कोण नसावं?

तीन माणसं पुरेत. पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक नकोत, आणि आपल्याकडे नात्यात व्याही, साडू, मेहुणे सगळे धरायचे. मंडळाला माल किंवा सेवा देणारे नकोत. गेल्या तीन वर्षांतले खजिनदार नकोत, कारण ते स्वतःचेच हिशेब तपासत बसतील. मंडळाची रोजकीर्द लिहिणारा आणि ऑडिट करणारा माणूसही एकच नसावा.

तिघांपैकी एकाला तरी ताळेबंद वाचता यायला हवा. बँकेतून किंवा कंपनीच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त झालेला सभासद बहुतेक मंडळांत सापडतोच. दुसरी जागा बाईंना द्या असं मी आग्रहाने सांगतो. हळदीकुंकवाच्या वाणाचा घाऊक भाव काय आणि बिलात काय लावलाय, हे त्यांना एका नजरेत कळतं.

४. आमचं मंडळ रजिस्टरच नाही. मग हे सगळं आम्हाला लागू होतं का?

ऑडिटचे आणि बदल अर्जाचे (पदाधिकारी बदलल्याची नोंद करून घ्यायच्या अर्जाचे) नियम नोंदणीकृत न्यासांना आहेत. पण लोकांकडून धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर नोंदणी नसलेल्यांनाही कलम ४१सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात ती हीच. नाशिक विभागासाठी धर्मादाय सह आयुक्तांचं कार्यालय नाशकातच आहे, त्यामुळे मुंबईला जायची गरज नाही.

दरवर्षी कार्यक्रम होतोय, शिल्लक पुढच्या वर्षी ओढली जातेय, तर नोंदणी करून टाका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात जण लागतात. नोंदणी नसली की पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात राहतात. तो माणूस उद्या वारला तर ते त्याच्या वारसांचे दिसतात, आणि दुःखाच्या घरी जाऊन ‘त्यातले आमचे आहेत’ म्हणायची वेळ येते.

५. वर्गणी फोनपेवर घेतो. क्यूआर खजिनदाराचा आहे, ते दर महिन्याला मंडळात भरतात. चालेल ना?

नाही. खजिनदार कितीही सज्जन असला तरी नाही. त्यांच्या खात्यात त्यांचा पगार, मुलीने पाठवलेले पैसे आणि तुमची वर्गणी एकत्र येते. तपासायचं तर त्यांचं खासगी स्टेटमेंट मागावं लागतं. ते देणार नाहीत, आणि का द्यावं? शिवाय ती रक्कम त्यांचं उत्पन्न नाही, हे आयकर खात्याला पटवायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडते.

मंडळाच्या नावाच्या खात्यावर बँकेकडून क्यूआर घ्या. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर मंडळाचं नाव आलं तरच पैसे पाठवा, हे सभासदांना सांगून ठेवा.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. क्यूआर जमा करण्यापुरताच हवा. दोन सह्यांचं खातं उघडलं आणि त्याच खात्याचं यूपीआय खजिनदाराच्या मोबाइलवर चालू केलं, तर दुसऱ्या सहीला अर्थ राहत नाही. पैसे बाहेर जाताना चेक, किंवा एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी नेटबँकिंगची सोय, यातलं एक ठेवा.

६. पावतीपुस्तकांची काय काळजी घ्यायची?

छापखान्याला किती पुस्तकं सांगितली, कोणत्या नंबरपासून कोणत्यापर्यंत, याची नोंद एका वहीत. कोणतं पुस्तक कुणाला, कधी दिलं, कधी परत आलं, हेही त्याच वहीत सहीनिशी. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. मूळ आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच स्टेपल करून वर ‘रद्द’ लिहायचं. पुस्तक परत आलं नाही तर त्या क्रमांकांच्या पावत्या अग्राह्य असल्याचं सभासदांना लेखी कळवायचं.

तपासताना मी आधी स्थळप्रतींचे आकडे पाहत नाही. पाच-दहा देणगीदारांकडे त्यांच्या जवळची मूळ पावती मागतो आणि ती स्थळप्रतीशी लावून पाहतो. कार्बन नसलेल्या पुस्तकात मूळ पावतीवर ५,००० आणि स्थळप्रतीवर ५०० लिहिणं अगदी सोपं असतं.

आणि हो, निव्वळ देणगीच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागत नाही. सभागृहाचं भाडं, जाहिरातीचे पैसे असा मोबदल्यातला व्यवहार ५,००० रुपयांच्या वर गेला की एक रुपयाचं तिकीट लागतं. ती तिकिटं छापणारा सरकारी छापखाना आपल्याच नाशिकरोडला असला तरी.

७. रोख किती घेता येते, किती ठेवता येते?

एका माणसाकडून दिवसात किंवा एका कारणासाठी दोन लाख रुपये किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून २,००० च्या वर रोख घेऊ नका, त्याला सवलत मिळत नाही. हातात किती रोख ठेवायची ते मंडळाने ठरवायचं. पाच हजारांत छोट्या मंडळाचा किरकोळ खर्च भागतो. कार्यक्रमाची जमा दुसऱ्या दिवशी बँकेत, त्यातून परस्पर खर्च नाही. आचाऱ्याला गल्ल्यातूनच दिले की ना जमा पूर्ण दिसते, ना खर्च.

८. अध्यक्षांच्या मेहुण्याचा केटरिंगचा धंदा आहे, दरही कमी लावतो. त्याला काम द्यायचं नाही का?

द्या, पण अध्यक्षांनी नातं आधी लेखी सांगायचं, त्या निर्णयाच्या वेळी बैठकीतून उठायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. दोन कोटेशन बाहेरची हवीत. बाहेरची म्हणजे खरंच बाहेरची. तिन्ही कोटेशनवर ‘बासुंदी’ची एकच शुद्धलेखनाची चूक असली की ती कुणी टाइप केली ते कळतं. शेवटचं बिल समितीने पाहायचं, कारण दर कमी लावून ताटं वाढवता येतात. किती ताटं उठली ते मोजायला एक माणूस पंगतीजवळ बसवा. आचारी नाराज होईल, होऊ द्या.

९. मदतनिधीतून कुणाला किती दिलं हे सभेत सांगितलं तर त्या घराची अब्रू जाते. नाही सांगितलं तर हिशेब कसा?

गावकरी मंडळाचं खरं काम हेच. कंपनी बंद पडली, पोराची फी राहिली, किंवा रात्री दोन वाजता सिव्हिलमधून मयत गावी न्यायची आहे आणि शववाहिकेवाला आगाऊ पैसे मागतोय. त्या वेळी कुणी ठराव आणि कोटेशन मागणार नाही, मागूही नये.

म्हणून नियम आधी करायचा. तातडीच्या मदतीची कमाल रक्कम सभेत ठरवून ठेवा. तेवढी रक्कम कोणत्याही दोन पदाधिकाऱ्यांनी फोनवर बोलून देता यावी, दोघांनी एकमेकांना मेसेज करून ठेवावा, आणि आठवड्यात कागद जमा व्हावेत: शववाहिकेची पावती, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, घेणाऱ्याची सही.

नावांसाठी सांकेतिक क्रमांक वापरा. सर्वसाधारण सभेला ‘प्रकरण ७, वैद्यकीय, १५,००० रुपये’ एवढंच जातं. नाव आणि कागद देखरेख समिती व ऑडिटर पाहतात. अहवालात समितीने स्पष्ट लिहायचं की सर्व प्रकरणांची कागदपत्रं पाहिली, माणसं खरी आहेत. ‘गुप्त आहे’ म्हणून समितीलाही फाइल दाखवत नसतील तर त्या निधीवर बोट ठेवायला हरकत नाही.

दिलेले पैसे मदत आहेत की परतफेडीचे, हे त्याच दिवशी कागदावर यायला हवं. नंतर आठवण प्रत्येकाची वेगळी असते.

१०. शिल्लक पतसंस्थेत ठेवली तर व्याज जास्त मिळतं. ठेवू का?

कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा शेड्युल्ड बँक, पोस्टाचं बचत खातं, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांत ठेवायचा असतो. पतसंस्था या यादीत येत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. संचालक ओळखीचे असले तरी उत्तर तेच.

११. सभागृहाच्या कामात पैसे कमी पडले, अध्यक्षांनी पदरचे तीन लाख घातले. आता ते परत मागतायत.

इथे चांगली माणसं अडकतात. कलम ३६ए प्रमाणे विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. बिनव्याजी, हातउसने, अध्यक्षांकडून, काहीही असो. मंजुरी नसताना ताळेबंदात ‘अध्यक्ष यांचे कर्ज’ आलं की ऑडिटरला शेरा मारावा लागतो.

झालं असेल तर लपवू नका. ती रक्कम बँकेमार्फत आली होती का, ठराव होता का, हे तपासा आणि वकिलाच्या सल्ल्याने धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करा. रोखीने, कच्च्या चिठ्ठ्यांवर, थेट ठेकेदाराला दिले असतील तर ते तीन लाखच होते हे कशावरून, असा प्रश्न येणारच. पुढच्या वेळी एक तर देणगी म्हणून द्यावेत, नाही तर आधी मंजुरी.

याच सभागृहाबाबत: ते तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचं किंवा विकायचं तर कलम ३६ ची पूर्वमंजुरी लागते. अकरा महिन्यांचा करार असेल तर ती अडचण येत नाही.

१२. आमचे काही सभासद दुबई-अमेरिकेत आहेत, त्यांना देणगी पाठवायचीय. घ्यायची का?

पासपोर्ट कोणता, यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि स्वतःचे पैसे असल्याचं पत्र फाइलला लावा.

तोच सभासद परदेशी नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाने पाठवलेलेही तसेच. त्यासाठी एफसीआरए, २०१० या विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर करता येत नाही. दरवर्षीचं एफसी-४ विवरण वेगळं.

‘त्यांनी भावाच्या खात्यावर पाठवले, भावाने मंडळाला दिले तर?’ हा उपप्रश्न येतोच. हा वळसा आहे हे तुम्हालाही माहीत आहे. देखरेख समितीला कळल्यावर तिने गप्प बसू नये. छोट्या मंडळाला एफसीआरए झेपणारं नाही, सरळ नम्रपणे नकार द्या. तो सभासद गावी आला की सत्कार करा, पैसे घेऊ नका.

१३. मंडळ एका समाजापुरतं आहे. ८०जी मिळेल का?

घटनेत लाभार्थी विशिष्ट जातीचे किंवा धर्माचे लिहिले असतील तर आयकराची सूट आणि ८०जी दोन्हींना अडचण येते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना या कारणाने अडवत नाहीत. ‘अमुक जिल्ह्यातून आलेले रहिवासी’ ही जात नव्हे, पण कागदावर जिल्हा आणि व्यवहारात एकच जात असं असेल तर कार्यक्रमांचे फोटोच ते सांगतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून ८०जी हे रुळलेलं नाव सोडलं तर इथे जुने क्रमांक देत नाही.

१४. सिंहस्थात अन्नछत्र चालवायचंय. त्याचा हिशेब मुख्य हिशेबात धरायचा की वेगळा?

वेगळा. २०२७ च्या सिंहस्थासाठी म्हणून घेतलेला पैसा सिंहस्थावरच खर्च करायचा. पावतीवर तसा उद्देश छापा, स्वतंत्र खातं किंवा किमान स्वतंत्र खतावणी ठेवा. तांदळाचं पोतं, तेलाचे डबे, साखर अशी वस्तुरूप देणगी जास्त येईल, त्याचं नोंदवहीत वजन आणि देणाऱ्याचं नाव लिहा. शिल्लक माल कुठे गेला हेही. उरलेला निधी कुठे वळवायचा ते सभेने ठरवायचं, आणि संकलन सुरू करतानाच ठरवलं तर देणगीदारांनाही सांगता येतं.

१५. नवी कमिटी निवडून आली, जुने दप्तर देत नाहीत. बँकही सह्या बदलत नाही.

बँक धर्मादाय कार्यालयाची नोंद, म्हणजे परिशिष्ट-१ मधली नावं मागते. निवडणुकीनंतर ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज दाखल करायचा असतो. मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत द्या. जुन्यांनी हरकत घेतली तर प्रकरण लांबतं, म्हणून सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या आणि इतिवृत्त जपून ठेवा.

दप्तराचं: देखरेख समितीकडे दर तिमाहीला रोजकीर्दीची आणि बँक स्टेटमेंटची प्रत जात असेल तर जुनी कमिटी कपाटाला कुलूप लावून बसली तरी हिशेब अडत नाही. नव्याने समिती करताना हा एक नियम घालाच.

१६. मी साधा सभासद. मला हिशेब बघायचा हक्क आहे का?

आधी घटना वाचा, बहुतेक घटनांत वार्षिक हिशेब सभेपुढे ठेवायची तरतूद असते. मंडळ दाखवत नसेल तर धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या ऑडिट अहवालाची आणि परिशिष्ट-१ ची नक्कल तिथे अर्ज करून मिळवा. ते कार्यालय माहिती अधिकाराखाली येतं. तुमचं मंडळ सरकारी पैशावर चालत नसेल तर सहसा येत नाही, त्यामुळे मंडळाला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही.

१७. गडबड सापडली. आता? खजिनदार म्हणतात, ‘पैसे भरतो, विषय मिटवा.’

पहिलं काम: खजिनदारांना लेखी प्रश्न, उत्तराला मुदत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकायचं नाही. खुलासा बरोबर निघाला तर तुम्हीच बदनामीच्या दाव्यात जाल.

पैसे भरत असतील तर घ्या, पावती द्या, आणि कोणत्या रकमेपोटी कधी भरले ते इतिवृत्तात लिहा. पण ‘विषय मिटला’ असा ठराव देखरेख समितीने करायचा नाही, तो अधिकार तिचा नाही. अहवाल सर्वसाधारण सभेपुढे जाईल, पुढे काय करायचं ते सभा ठरवेल. सतत हिशेब न देणं, गैरव्यवहार अशा कारणांवरून विश्वस्ताला निलंबित करायचा किंवा काढायचा अधिकार कलम ४१डी खाली धर्मादाय आयुक्तांना आहे. अपहाराची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांत करता येते.

गावचा माणूस, लेकरंबाळं आहेत, जाऊ द्या, असं म्हणणारे निम्मे तरी असतात. त्यांचं ऐकून पोलिसांत न जाणं एक वेळ समजू शकतं. कागदावरून ते पुसणं समजू शकत नाही, कारण मग तोच माणूस दोन वर्षांनी बिनविरोध निवडून येतो.

१८. देखरेख समितीच विरोधी गट झाली तर?

होते, विशेषतः निवडणुकीच्या वर्षी. दोन अटी घाला. समितीवरच्या माणसाला मुदत संपल्यावर पुढची एक निवडणूक लढवता येणार नाही. आणि अहवालातला प्रत्येक आक्षेप बिल किंवा पावतीच्या क्रमांकासह असेल, कार्यकारिणीचं उत्तर त्याच पानावर छापलं जाईल. ‘कारभार संशयास्पद आहे’ असं मोघम वाक्य आलं तर सभाध्यक्षांनी ते वाचू देऊ नये. उलट्या बाजूने, समिती कार्यकारिणीच्या खिशात गेली असं वाटलं तर सभेच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून दोन सभासद निवडा आणि कोणत्याही एका महिन्याची व्हाउचर त्यांना तिथेच तपासायला द्या. समितीचा स्वतःचा झेरॉक्स आणि चहाचा खर्चही त्यांनाच तपासू द्या.